माकडांचाही 'ऑफ सीझन' असतो! तेव्हा नरांच्या शरीरात नेमकं काय होतं?

उत्तर भारतात दिसणारं लाल तोंडाचं ऱ्हिसस माकड वर्षभर प्रजनन करत नाही. पावसाळा संपला की मीलनाचा हंगाम सुरू होतो. गर्भ साधारण साडेपाच महिन्यांचा, त्यामुळे पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर जन्मतात.

हंगाम सरला की नराचे वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात. हा बिघाड आहे का? नाही. मेंदूकडून येणारा सिग्नल कमी झालेला असतो.

हा सिग्नल म्हणजे पिट्युटरी ग्रंथीतून येणारी दोन हार्मोन्स. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं, तर एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींना कामाला लावतं. हीच हार्मोन्स बाहेरून दिली, तर ऑफ सीझनमध्येही वृषण पुन्हा जागे होऊ शकतात. मात्र त्याला काही आठवडे लागतात.

माणसाला असा हंगाम नसतो, पण यंत्रणा हीच आहे. ज्या पुरुषांमध्ये हा सिग्नलच कमी असतो, त्यांना डॉक्टर एलएचसारखं काम करणारं एचसीजी आणि एफएसएच देतात.

मग थेट टेस्टोस्टेरॉनच घेतलं तर? इथेच जिममधले अनेक जण फसतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू सिग्नल बंद करतो आणि शुक्राणू घटतात, कधी कधी शून्यावर येतात. त्यामुळे बाळाचा विचार असेल, तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना विचारा.