कामाच्या गर्दीतून पाण्याकाठी

वाचकहो, दिवसभराचे काम आटोपून आपण घरी परतता. पण काम खरोखर कचेरीतच राहते काय? जेवताना अर्धवट राहिलेले पत्र आठवते, अंथरुणाला पाठ टेकताच उद्याची बैठक डोळ्यांपुढे उभी राहते. लोकसेवेचा भार ज्यांच्या शिरावर आहे, त्यांना तर हा अनुभव नित्याचाच. अशा शिणलेल्या मनाने विसावा कोठे शोधावा? या प्रश्नाचे एक उत्तर चंदीगड नगरीने आपल्या उभारणीतच देऊन ठेवले आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पंजाबला नव्या राजधानीची निकड भासली. ले कार्बूझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाकडे नगररचनेचे काम आले. परंतु ते वर्षातून साधारण दोनदाच येत. प्रत्यक्ष जागेवर राहून काम तडीस नेण्याची जबाबदारी मुख्यतः त्यांचे नात्यातील बंधू पिएर जानरे यांच्यावर पडली. १९५१ पासून १९६५ पर्यंत ते चंदीगडमध्येच राहिले. सरकारी नोकरांची घरे, शाळा, विद्यापीठातील गांधीभवन, इतकेच नव्हे तर कचेरीतील खुर्च्यांपर्यंत त्यांची नजर पोचलेली होती. एवढ्या व्यापात या गृहस्थांना सवड कशी मिळत असेल, असे आपल्याला वाटेल.

त्यांची सवड होती सुखना तलावावर. शिवालिकच्या टेकड्यांतून पावसाळ्यात धावणाऱ्या ओढ्याला तिकडे ‘चो’ म्हणतात. अशाच सुखना चोवर १९५८ मध्ये बांध घालण्यात आला आणि सुमारे ३ चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण झाला. मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांचा या कामात मोठा वाटा होता. नागरिकांना शहराच्या रहाटगाडग्यातून सुटून शांततेत निसर्गाचा आनंद घेता यावा, हाच या तलावाचा हेतू. म्हणूनच बांधावर वाहने नकोत आणि पाण्यात यंत्रनौका नकोत, असा निर्माणकर्त्यांचा आग्रह होता. सचिवालय आणि उच्च न्यायालय येथून जवळच आहेत. जेथे कामाचा भार सर्वांत जड, तेथेच विसाव्याची जागा राखून ठेवली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जानरे यांना नौकाविहाराची मोठी आवड होती. वल्ह्यांचा संथ आवाज, समोर शिवालिकची निळसर रांग, हिवाळ्यात दूरदेशाहून आलेल्या पाखरांचे थवे. अशा ठिकाणी कामाची चिंता फार काळ टिकत नाही. १९६७ मध्ये जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार १९७० मध्ये त्यांच्या अस्थी याच तलावात विसर्जित करण्यात आल्या. आयुष्यभराच्या कामातून थकलेल्या माणसाने अखेरच्या विसाव्यासाठीही तेच पाणी निवडावे, यापरते त्या शांततेचे मोल आणखी कोणी सांगावे!

परंतु ही शांतता आपोआप टिकलेली नाही. टेकड्यांवरून वाहून येणाऱ्या मातीने तलाव झपाट्याने भरू लागला. मग वरच्या भागात बंधारे घातले गेले, झाडे लावली गेली. आणि १९८८ पासून नागरिकांनी श्रमदानाने गाळ उपसण्याचा परिपाठ सुरू केला. ज्या पाण्याकाठी विसावा घ्यायचा, त्यासाठीच हातात फावडे घेण्याची वेळ आली! विश्रांतीची जागा राखणे हेही एक कामच आहे आणि ते सर्वांनी मिळून करावयाचे आहे, हा धडा त्यातून मिळतो.

आपल्या गावी सुखना नसेल. पण कोल्हापूरकरांना रंकाळा आहे, नागपूरकरांना अंबाझरी आहे, पुणेकरांना पर्वती आहे. आणि लहान गावालाही नदीचा घाट किंवा देवराई असतेच. आठवड्यातून एकदा तरी घरच्या मंडळींसह तेथे जा. हातातील दूरध्वनी घटकाभर बंद ठेवा. मुलांना पाखरे दाखवा, वडीलधाऱ्यांना सावलीत बसवा आणि उठताना तेथील कचरा उचलून आणा. दुसऱ्या दिवशी कचेरीत काम तेवढेच असेल. मात्र ते करणारे मन ताजे असेल.