हिंदी महासागरातील उष्णजल-विवरे आणि तेथील प्राणिजीवन

सूर्यप्रकाश हाच समस्त सजीवसृष्टीचा आधार होय, हे विधान १९७७ पर्यंत जवळजवळ निरपवाद मानले जात होते. त्या वर्षी ‘ॲल्व्हिन’ पाणबुडीतून गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर उतरलेल्या संशोधकांना उष्ण झऱ्यांभोवती शिंपले, खेकडे व नलिकाकृमी यांची दाट वस्ती आढळली. वज्रेश्वरीची उष्ण कुंडे महाराष्ट्राला परिचित आहेत. समुद्रतळावर मात्र दाब इतका प्रचंड असतो की, ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले पाणीही उकळत नाही. भेगांतून मुरलेले हे पाणी बेसॉल्ट खडकातील (सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा काळा पाषाणही बेसॉल्टच) लोह, तांबे, जस्त व गंधक विरघळवून वर येते. थंड पाण्यात मिसळताच धातूंची सल्फाइडे साचून धुराड्यांसारखे स्तंभ उभे राहतात.

येथील जीवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवून सेंद्रिय द्रव्य निर्माण करतात. यास रसायनसंश्लेषण म्हणतात. तथापि या क्रियेस लागणारा प्राणवायू प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. त्यामुळे ही सृष्टी सूर्यापासून सर्वथा स्वतंत्र आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

हिंदी महासागरातील ‘काइरेई’ हे विवरक्षेत्र जपानी संशोधकांना २००० मध्ये सापडले. तेथे रिमिकॅरिस कोळंब्यांचे थवेच्या थवे विवरांना बिलगून असतात. २००१ मध्ये तेथेच खवल्या पायाची गोगलगाय (क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम) आढळली. तिच्या पायावरील खवल्यांवर लोह-सल्फाइडाचा थर असतो. ती अन्न शोधत हिंडत नाही. अन्ननलिकेच्या ग्रंथीत वसलेले जीवाणूच तिचे पोषण करतात. विशेष म्हणजे ‘सॉलिटेअर’ या दुसऱ्या क्षेत्रातील याच जातीच्या खवल्यांवर लोहाचा थर नाही.

२०१९ मध्ये खोल समुद्रातील खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे या गोगलगायीचा समावेश संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत झाला. जी सल्फाइडे तिचे घर, तीच खनिज म्हणून हवी आहेत. भारतानेही २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइडांच्या शोधासाठी करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था व गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र यांनी सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील सक्रिय विवराचे छायाचित्रण केले. केवळ निष्क्रिय विवरांजवळील साठे उपसावेत, असा पर्याय सुचविला जातो. परंतु उत्खननातून उठणारा गाळ प्रवाहाबरोबर सक्रिय विवरांपर्यंत पोहोचणार नाही, याची हमी अद्याप कोणालाही देता आलेली नाही.