टणक स्प्रिंगांचा मोह

आमचा एक भाचा अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत नोकरीस आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें १९९२ सालीं बनलेली एक जुनी माझ्दा एमएक्स-५ मोटार विकत घेतली. ही स्पोर्ट्‌स जातीची मोटार. हिला दोनच आसनें आणि मागें दुमडतां येणारें कापडी छप्पर. अकरा माणसांच्या घरांत वाढलेल्या मुलानें दोन आसनांची मोटार घ्यावी, ह्यावर त्याची आजी काय बोलली तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

मोटार हातीं येतांच त्यानें तिच्या मूळ स्प्रिंगा काढून टणक व आंखूड स्प्रिंगा बसविल्या. त्यायोगें ती सुमारें दोन इंच खालीं बसली आणि, खरें सांगावयाचें तर, फार देखणी दिसूं लागली. गेल्या वर्षीं आम्ही तिकडे गेलों असतां त्यानें आम्हांस शेजारीं बसवून फेरफटक्यास नेलें. गुळगुळीत रस्त्यावर गाडी रुळांवरून जावी तशी वळे. पुढें मात्र हिंवाळ्यांतील बर्फानें उखणलेला जुना रस्ता लागला; तेथें एका उजव्या वळणावर उंचवट्याचा हिसका बसतांच मागचीं चाकें जणूं उडालीं, आणि गाडी डाव्या अंगास, म्हणजे तिकडील रीतीप्रमाणें समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस, चांगली दोन हात सरकली. समोरून कोणी येत नव्हतें, एवढ्यावरच निभावलें. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, आईला सांगूं नका.”

आम्ही तोंडानें सांगितलेलें नाहीं. परंतु घडलें तें कां घडलें, ह्याचा त्या रात्रीं त्याच्या गॅरेजमध्यें बसून आम्हीं दोघांनीं जो उलगडा केला, तो अशा मोटारींच्या नादीं लागलेल्या इतर तरुणांच्या व त्यांच्या घरच्यांच्या उपयोगीं पडेल.

ही मोटार प्रथम फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिच्या कर्त्यांनीं घोडा व स्वार एकजीव व्हावे, ह्या अर्थाचें एक जपानी वचन डोळ्यांपुढें ठेविलें होतें. वजन सुमारें ९५० किलो. चारही चाकें दोन-दोन आडव्या बाहूंवर स्वतंत्र टांगलेलीं. हिची स्फूर्ति जिच्यावरून घेतली, ती १९६२ सालची इंग्रज मोटार लोटस एलान. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन ह्यांचा कल स्प्रिंग मऊ ठेवून तिला शॉक ॲब्सॉर्बरनें आवर घालण्याकडे असे. म्हणजे ज्या घराण्याची ही मोटार, त्याचा कुलाचारच मऊपणाचा!

स्प्रिंगचें काम गाडी ताठ धरणें हें नसून, चाकाला रस्त्याचा चढउतार अनुसरूं देणें हें आहे. टायरची पकड त्यावर पडणाऱ्या भारांतून येते; भार क्षणभर नाहींसा झाला कीं पकडही गेली. साधी घरगुती मोटार आपल्या स्प्रिंगांवर मिनिटास सुमारें ६० ते ९० वेळां डोलते. स्पोर्ट्‌स मोटारीचें डोलणें ह्याहून जलद, ९० ते १२० च्या घरांतलें. हा वेग शेंकडा २० नें वाढविण्यास स्प्रिंग शेंकडा ४४ नें टणक करावी लागते. आणि दाबलेली स्प्रिंग घेतलेली शक्ति परत देतेच. ती जिरविण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बरचें: त्यांतील दट्ट्या तेलास बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकलतो आणि हालचालीची उष्णता होते. भाच्यानें स्प्रिंगा नव्या घातल्या, पण शॉक ॲब्सॉर्बर जुनेच, थकलेले, मऊ स्प्रिंगांसाठीं बेतलेले. बैल दांडगे आणि कासरा कुजका, असा प्रकार झाला.

दुसरी चूक अधिक घातक. ह्या गाडींत चाकास वर येण्यास मुळांतच जागा बेताची आहे. ती संपली कीं रबराचा एक ठोकळा आडवा येतो. गाडी दोन इंच खालीं बसविली, तेव्हां ती जागा जवळजवळ संपलीच. वळणावर बाहेरील चाकावर आधींच भार जास्त; त्यांत उंचवटा आला, ठोकळा टेकला, आणि त्या कोपऱ्याचा टणकपणा एकदम कितीतरी पटींनीं वाढला. टायरला तें सोसलें नाहीं. शिवाय फार खालीं बसविल्यानें बाहूंचे कोन बिघडून गाडीस कलविणारा जोर उलट वाढतो. ही गोष्ट स्प्रिंगा विकणाऱ्यानें सांगितली नव्हती.

मग करावें काय? पैसा प्रथम टायरांवर घालावा, आणि हवा कंपनीच्या पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें भरावी. ह्या गाडीस तो चौरस इंचास २६ पौंड आहे. भाच्याच्या टायरांत ३६ निघाली! त्यानंतर बाहूंच्या सांध्यांतील रबरी बुश. तीस वर्षांचें रबर म्हणजे रबर नव्हेच. त्या जागीं पॉलियुरेथेनचे टणक बुश घालण्याची चाल आहे. ते नेमकेपणा देतात, पण वंगण न मिळाल्यास कुरकुरतात, आणि घरांत आहे तेवढी कुरकुर पुरे असते.

खरा फरक शॉक ॲब्सॉर्बर घडवितात. बिल्स्टाइनचे वायूच्या दाबाचे घ्यावे कीं कोनीचे पिवळे, ह्यावर तिकडे स्मार्त-भागवत एकादशीसारखा वाद चालतो. कोनीचा गुण असा कीं, स्प्रिंग उलगडतांना होणारा विरोध एक कळ फिरवून कमीजास्त करतां येतो. तरुण मंडळी ती कळ पहिल्याच दिवशीं शेवटपर्यंत आवळतात. तसें केलें म्हणजे एकामागून एक खड्डे आले असतां, चाक पुरतें खालीं येण्याच्या आंत पुढचा हिसका बसतो आणि गाडी पायरीपायरीनें दबत जाते. कळ आधीं पूर्ण सैल ठेवावी, ओळखीच्या खराब रस्त्यावर जावें, आणि उंचवट्यानंतरचें डोलणें एका हेलकाव्यांत थांबेपर्यंतच थोडी थोडी आवळावी. ह्यास दोन-तीन रविवार लागले तरी लागूं द्यावे.

इतकें करून गाडी वळणावर फार कलते असें वाटलें, तर पुढील अँटी-रोल बार किंचित् जाड घालावा. तो डाव्या-उजव्या चाकांस जोडणारा पिळाचा दांडा असल्यानें एका चाकाचा खड्डा दुसऱ्यासही जाणवतो, म्हणून बेतानेंच. नवी स्प्रिंग सर्वांत शेवटीं, आणि घेतलीच तर गाडी एक इंचाहून अधिक न उतरविणारी. आट्यांवर उंची बदलतां येणारे कोइलओव्हर शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्यांनीं घ्यावे. मिशिगनच्या रस्त्यांवर हिंवाळ्यांत मीठ पसरतात, त्यानें ते आटे गंजतात. कांहींही बदललें तरी अखेरीस चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.

भाच्याच्या मूळ स्प्रिंगा सुदैवानें तळघरांत पडून होत्या. त्या त्यानें पुन्हां चढविल्या. कोनीचे शॉक ॲब्सॉर्बर व नवे रबरी बुश घातले. छायाचित्रांत गाडी आंखूड धोतर नेसलेल्या भटजींसारखी दिसते, हें कबूल केलें पाहिजे. तो लिहितो कीं, ऑक्टोबरांत आई तिकडे आली असतां तिला त्याच रस्त्यानें, त्याच वळणावरून नेलें. रस्ता खराब असल्याचें तिला कळलें नाहीं. तिचा डोळा लागला होता.