न्यू होरायझन्स (अंतराळयान)
न्यू होरायझन्स हे अमेरिकेच्या नासा या संस्थेचे मानवविरहित अंतराळयान आहे. प्लूटो हा बटु ग्रह व त्याचे उपग्रह यांचे जवळून निरीक्षण करणारे हे पहिले यान होय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने ते बांधले असून ॲलन स्टर्न हे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ आहेत.

== रचना ==
उड्डाणाच्या वेळी यानाचे वस्तुमान सुमारे ४७८ किलोग्रॅम होते. प्लूटोजवळ सूर्यप्रकाश अत्यंत क्षीण असल्याने सौरपट्ट्यांऐवजी प्लुटोनियम-२३८ च्या किरणोत्सारी ऱ्हासातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपासून वीज मिळवली जाते. यानावर सात वैज्ञानिक उपकरणे आहेत. उपकरणे व ॲंटेना यानाला पक्की जोडलेली असल्याने निरीक्षणासाठी संपूर्ण यान वळवावे लागते. त्या काळात पृथ्वीकडे माहिती पाठवता येत नाही.

== प्रवास ==
१९ जानेवारी २००६ रोजी केप कॅनाव्हेरल येथून ॲटलास ५ प्रक्षेपकाद्वारे यानाचे उड्डाण झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लूटोची गणना बटु ग्रहांत केली. २८ फेब्रुवारी २००७ रोजी गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून यानाचा वेग वाढवण्यात आला.

प्लूटोपाशी पोहोचताना यानाचा वेग सेकंदाला सुमारे १४ किमी होता. तो कमी करण्याइतके इंधन नसल्याने प्लूटोच्या कक्षेत स्थिरावणे शक्य नव्हते. निरीक्षणाची संधी एकदाच मिळणार होती. अशातच ४ जुलै २०१५ रोजी मुख्य संगणकावर अतिरिक्त भार पडून यानाशी संपर्क तुटला व यान सुरक्षित अवस्थेत गेले. संदेश एका दिशेने पोहोचण्यास सुमारे साडेचार तास लागत असतानाही नियंत्रकांनी आज्ञावली पुन्हा पाठवली आणि ७ जुलै रोजी निरीक्षणे पूर्ववत सुरू झाली.

== प्लूटो व शॅरन ==
१४ जुलै २०१५ रोजी यान प्लूटोच्या पृष्ठभागापासून सुमारे १२,५०० किमी अंतरावरून गेले. स्पुटनिक प्लॅनिशिया या नायट्रोजनच्या बर्फाच्या मैदानावर एकही आघातविवर आढळले नाही. यावरून तेथील पृष्ठभाग भूशास्त्रीयदृष्ट्या तरुण असून बर्फाचे अभिसरण आजही चालू असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. पाण्याच्या बर्फाचे उंच पर्वत व वातावरणातील धुक्याचे थरही दिसले.

शॅरन या सर्वांत मोठ्या उपग्रहाचा व्यास प्लूटोच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे. त्याच्या उत्तर ध्रुवाजवळील तांबूस प्रदेश प्लूटोवरून निसटलेल्या मिथेनपासून तयार झाला असावा, असे मानले जाते. स्टिक्स, निक्स, कर्बेरॉस व हायड्रा हे उर्वरित उपग्रह लहान व अनियमित आकाराचे आहेत.

प्रक्षेपणाचा वेग अतिशय कमी असल्याने ही सर्व माहिती पृथ्वीवर येण्यास ऑक्टोबर २०१६ उजाडला.

== ॲरोकोथ ==
१ जानेवारी २०१९ रोजी यान कायपर पट्ट्यातील ॲरोकोथ या वस्तूजवळून सुमारे ३,५०० किमी अंतरावरून गेले. यानाच्या उड्डाणानंतर आठ वर्षांनी, २०१४ मध्ये, हबल दुर्बिणीद्वारे तिचा शोध लागला होता. दोन गोळे हळुवारपणे एकत्र येऊन बनलेली ही वस्तू सूर्यमालेच्या निर्मितीकाळातील अवशेष मानली जाते.