गदा कोणाच्या खांद्यावर?

वर्ध्याहून यवतमाळकडे निघालं की देवळी लागतं. आजूबाजूला कपाशी, तूर आणि सोयाबीनची शेती, आणि गावाची ओळख कुस्तीची. विदर्भ केसरी किताब मिळवलेले आणि पुढे 2014 ते 2024 वर्ध्याचे खासदार राहिलेले रामदास तडस इथलेच. याच देवळीत जानेवारी 2025 मध्ये महिला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली आणि अहिल्यानगरच्या भाग्यश्री फंड हिने कोल्हापूरच्या अमृता पुजारी हिला हरवून गदा उचलली. अशी मोठी लढत ठरली की कुस्तीच्या गावात निकाल आधीच लागायला सुरुवात होते. कोण कोणाला कधी हरवून आलं, कोणाचं वजन किती, कोणाची तालीम कुठली, यावर तासन् तास खल होतो आणि शेवटी एक नाव ठामपणे सांगितलं जातं. हे ठामपण कितपत टिकतं, हा या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं असं की वरच्या वजनी गटातल्या किताबी लढतीचा अंदाज बांधता येतो, पण पैलवानांची चढती यादी करून तो बांधता येत नाही. तो त्या दोघांच्या जोडीकडे बघून बांधावा लागतो, आणि एकच नाव न घेता शंभरात किती हे सांगावं लागतं. फडात कुस्ती ठरवण्याला आपल्याकडे ‘जोड लावणं’ म्हणतात. या शब्दात जे शहाणपण आहे, ते अंदाज सांगताना आपण हटकून विसरतो.

आधी पुरावा बघू. 14 जानेवारी 2023 रोजी पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला चितपट केलं, तेही पहिल्याच मिनिटात. त्याच स्पर्धेत माती विभागात महेंद्रने सिकंदर शेखला मागे टाकलं होतं. शाळेतल्या गणिताप्रमाणे शिवराज महेंद्रपेक्षा वरचढ, महेंद्र सिकंदरपेक्षा वरचढ, म्हणजे शिवराज आणि सिकंदर समोरासमोर आले तर प्रश्नच उरत नाही. ते समोरासमोर आले 10 नोव्हेंबर 2023 रोजी, पुण्याजवळ फुलगावला, पुन्हा अंतिम लढतीतच. सिकंदरने अवघ्या काही सेकंदांत शिवराजला आस्मान दाखवलं. दहा महिन्यांत तीन लढती झाल्या आणि तिघांपैकी प्रत्येकजण एकाला भारी, एकाला हलका ठरला. त्याच नोव्हेंबरात धाराशिवला दुसऱ्या संघटनेने भरवलेल्या स्पर्धेत शिवराजनेच किताब जिंकला, त्यामुळे त्याचं बळ ओसरलं होतं असंही म्हणता येत नाही.

हा वर्तुळाकार निकाल मराठी मातीपुरता नाही. जागतिक हेवीवेट मुष्टियुद्धाच्या इतिहासात सर्वांत गाजलेलं उदाहरण नेमकं याच आकाराचं आहे. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझियरने मुहम्मद अलीला हरवलं. जानेवारी 1973 मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून विश्वविजेतेपद घेतलं. मार्च 1973 मध्ये अलीचा जबडा मोडणारा केन नॉर्टन वर्षभराने फोरमनपुढे आला, तोही दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. अलीला हरवणाऱ्या दोघांना फोरमनने असं गुंडाळल्यावर अली–फोरमन लढतीचा निकाल सांगायला जाणकाराची गरजच नव्हती. फोरमन 25 वर्षांचा, 40 लढतींत अपराजित, त्यातल्या 37 प्रतिस्पर्ध्याला बाद करून जिंकलेल्या. अली 32 वर्षांचा. 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासाला अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला, त्याने फोरमनला मारू दिलं, त्याला दमवलं आणि आठव्या फेरीत त्याला पाडलं.

यावर एक वाजवी आक्षेप निघतो. महेंद्र–सिकंदर लढतीत बाहेरील टांग लावल्यावर दिलेल्या गुणांवरून मोठा वाद झाला होता. तो निर्णय उलट गेला असता तर सिकंदर तिघांत सरळ वरचा ठरला असता आणि वर्तुळ बनलंच नसतं. आक्षेप मान्य आहे, पण त्याने माझा मुद्दा आणखी घट्ट होतो. अंदाज सांगणाऱ्याला दोन पैलवानांचा अंदाज घ्यावा लागतोच, शिवाय पंच आणि सरपंच एका क्षणाचा काय अर्थ लावतील हेही गृहीत धरावं लागतं. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला गादी विभागाच्या लढतीत खांदे टेकले की नाही यावरून शिवराज आणि पंच यांच्यात मोठा वाद पेटला. त्याच दिवशी अंतिम लढतीत गुणांवरून वाद घालून महेंद्र मैदान सोडून गेला आणि पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला. मैदान सोडून जाण्याचा अंदाज कुठल्याही यादीतून बांधता येत नाही. आणि महाराष्ट्रातलं वर्तुळ कोणाला कच्चं वाटलं, तरी फ्रेझियर, अली आणि फोरमन यांच्या तिन्ही निकालांनी बनलेलं वर्तुळ कायम राहतं.

असं का होतं, हे डावांकडे पाहिलं की कळतं. फ्रेझियर खाली वाकून पुढे घुसायचा आणि डाव्या हाताचा गोल ठोसा मारायचा. अलीचे हात खाली असायचे, म्हणून तो ठोसा त्याला लागायचा. पण वाकून पुढे येणारा माणूस फोरमनच्या खालून वर येणाऱ्या ठोशाच्या थेट वाटेत येतो. अली पुढे घुसणारा नव्हताच, त्यामुळे फोरमनचं मुख्य शस्त्र त्याच्यापुढे निम्मं निकामी झालं. कुस्तीतही तसंच आहे. पट काढण्यावर ज्याची भिस्त, त्याला मान आणि खांदे दाबून वरून वजन टाकणारा प्रतिस्पर्धी जड जातो. ढाक किंवा टांग लावणाऱ्याला समोरच्याने अंगाला अंग भिडवायला हवं असतं, तो लांब राहून हातच देत नसेल तर डाव मनातच राहतो. महाराष्ट्र केसरीत याला आणखी दोन पदर आहेत. खुला गट 86 ते 125 किलोचा, म्हणजे अंतिम जोडीत 30–35 किलोचं अंतर असू शकतं. दुसरं म्हणजे एक जण माती विभाग जिंकून येतो, दुसरा गादी विभाग, आणि अलीकडे शेवटची लढत गादीवर होते. मातीत पाय रुततो, हालचाल मंदावते, पकड आणि दम यांना मोल येतं. गादीवर पायांची चपळाई आणि तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत गुण राखून ठेवण्याची हुशारी लागते.

मग गादीवाल्याला झुकतं माप द्यावं का? मोजून बघू. 2017 मध्ये भूगावला गादीच्या अभिजित कटकेने मातीच्या किरण भगतला हरवलं. 2018 मध्ये जालन्याला मातीतल्या बाला रफिक शेखने त्याच अभिजितला 11–3 असं स्पष्ट हरवलं. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला गादीच्या हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेवर 3–2 असा, आणि एप्रिल 2022 मध्ये साताऱ्याला गादीच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरवर 5–4 असा विजय मिळवला. त्यात कोथरूड, फुलगाव आणि अहिल्यानगर धरले की सात लढती होतात. संघटनांच्या वादामुळे धाराशिव आणि कर्जतला झालेल्या स्वतंत्र स्पर्धा यात धरलेल्या नाहीत. हिशेब असा: गादी पाच, माती दोन. पाचास दोन हा आकडा बोलका वाटतो, पण सात नाणी उडवली तरी पाच किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता 128 पैकी 29, म्हणजे शंभरात सुमारे 23 असते. शिवाय त्या पाचांपैकी दोन विजय केवळ एका गुणाचे आहेत. ते दोन गुण उलटे पडते तर हिशेब गादी तीन, माती चार असा झाला असता आणि आपण मातीची थोरवी गात बसलो असतो. गादीवर लढण्याचा फायदा खरा असावा असं मलाही वाटतं, कारण त्याचं कारण दिसतं. पण सात लढतींच्या बळावर तो मोठा आहे असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

कुस्तीतले जुने लोक यावर म्हणतील की काही वर्षं तर निकाल सगळ्यांना ठाऊकच होता. बरोबर आहे. 2011 ते 2013 सलग तीन वर्षं नरसिंग यादव आणि 2014 ते 2016 सलग तीन वर्षं विजय चौधरी, म्हणजे सहा वर्षांत किताब दोनच घरांत गेला. मुष्टियुद्धात जो लुईने 1937 ते 1949 हेवीवेटचं विजेतेपद 25 वेळा राखलं, त्या काळात ‘लुई जिंकेल’ एवढंच म्हणणारा माणूसही मोठा जाणकार ठरला असता. अंदाजाची सोपी वर्षं असतात आणि अवघड वर्षं असतात. एखादा पैलवान इतरांच्या एवढा पुढे गेला की जोडीचा प्रश्न मागे पडतो, आणि चार-पाच जण एकाच उंचीवर आले की तोच प्रश्न सर्वकाही होतो. 2017 नंतरचा काळ हा दुसऱ्या प्रकारचा आहे. पहिल्या काळात कमावलेलं ठामपण दुसऱ्या काळात चालवणं ही खरी चूक. त्यातही सोपं वर्ष आतून कसं उसवलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. 11 फेब्रुवारी 1990 रोजी टोकियोत अपराजित माइक टायसनपुढे बस्टर डग्लस उभा राहिला तेव्हा लास व्हेगासमध्ये डग्लसवर एकास बेचाळीस असा भाव होता. त्या भावाचा अर्थ, डग्लस जिंकण्याची शक्यता 43 पैकी एक. दहाव्या फेरीत टायसन गुडघ्यांवर रांगत होता.

त्या रात्री भाव लावणारे ‘चुकले’ असं सगळे म्हणाले. मला ते इतकं सरळ वाटत नाही. शंभरात दोन-तीन वेळा घडेल असं म्हटलेली गोष्ट कधीतरी घडणारच. एका लढतीवरून अंदाज बरोबर की चूक हे ठरत नाही, अनेक लढतींचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. हवामान खातं हंगामी पावसाचा आकडा देताना सोबत कमी-जास्त किती टक्के हेही सांगतं, आणि पेरणी करणारा माणूस त्या दोन्ही टोकांचा विचार करतो. अंदाजाची परीक्षा कशी घ्यायची हेही एका हवामानशास्त्रज्ञानेच, ग्लेन ब्रायर यांनी, 1950 मध्ये मांडलं. रीत साधी आहे. घडेल असं सत्तर टक्के म्हटलं आणि घडलं, तर उणीव 0.3, तिचा वर्ग 0.09. घडलं नाही तर 0.7, वर्ग 0.49. सगळ्या वर्गांची सरासरी जितकी कमी तितका अंदाज चांगला. आपल्या सात लढतींना हे लावू. दर वेळी ‘गादीवालाच, शंभर टक्के’ म्हणणाऱ्याची सरासरी येते 0.286. दर वेळी ‘काही सांगता येत नाही, निम्मं-निम्मं’ म्हणणाऱ्याची 0.25. दर वेळी ‘गादीवाला, शंभरात साठ’ म्हणणाऱ्याची 0.217. सातपैकी पाच वेळा बरोबर ठरलेला छातीठोक माणूस काहीच न सांगणाऱ्याच्याही मागे पडतो, कारण ठामपणे चुकण्याची किंमत फार मोठी असते. निकाल माहीत झाल्यावर साठचा आकडा निवडणं सोपं आहे, हेही इथेच कबूल करायला हवं. म्हणून तो आकडा लढतीच्या आधी कागदावर उतरवला तरच त्याला अर्थ.

शेवटचा आक्षेप वस्तादांच्या नजरेचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आयुष्य आखाड्यात घालवलेल्या माणसाला पैलवानाच्या चालीवरून, श्वासावरून, खांद्याच्या झुकावावरून जे दिसतं ते आकड्यांत येत नाही. ही नजर मी मानतो. जोड पाहण्याची कला त्याच नजरेत आहे. दुखरा गुडघा, अंगात मुरलेला डाव, घाईने उतरवलेलं वजन या गोष्टी आधी तिलाच दिसतात, आणि त्यावरून साठचे सत्तर किंवा चाळीस करण्याचा अधिकार तिचाच. पण नजरेलाही मर्यादा आहे. 2020 चे दोन्ही अंतिम मल्ल, हर्षवर्धन आणि शैलेश, काका पवार यांच्या एकाच तालमीतले. दोघांचा प्रत्येक डाव एकमेकांना आणि वस्तादांना पाठ. याहून अधिक माहिती कुठल्या लढतीबद्दल कोणाकडे असेल? तरीही ती लढत 3–2 ने सुटली. दोघे एकमेकांना इतकं ओळखत असले की डाव कमी लागतात, गुण कमी होतात आणि एका गुणाचं वजन वाढतं. माहिती वाढली की निकाल सोपा होतो, असं नेहमी घडत नाही.

महिलांच्या कुस्तीत हा हिशेब मुळापासून ठेवण्याची संधी अजून आहे. महिला महाराष्ट्र केसरी सुरू झाली ती मार्च 2023 मध्ये सांगलीला, तेव्हा प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा घेतली. देवळीच्या लढतीपर्यंत दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. इतक्या थोड्या इतिहासावर कोणाही मल्लाला ‘अजिंक्य’ म्हणणं तिच्यावरही अन्याय आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यावरही. प्रत्येक लढत किती गुणांनी सुटली, कोणत्या डावावर, कितव्या मिनिटाला, एवढं जरी तालुक्याच्या फडापासून नीट लिहून ठेवलं गेलं, तरी दहा वर्षांनी पाचास दोनसारख्या तुटपुंज्या आकड्यांवर बोलावं लागणार नाही. तोवर माझा अंदाज इथे लिहून ठेवतो, म्हणजे तो तपासता येईल: पुरुषांच्या पुढच्या अंतिम लढतीत गादीवरून आलेला मल्ल जिंकेल, शंभरात 58. जोडीतला एक जण राक्षे, गायकवाड किंवा सिकंदर असेल आणि समोर त्याला पूर्वी चितपट केलेलाच मल्ल उभा राहिला, तर त्या जुन्या निकालासाठी मी यात दोन-तीनपेक्षा जास्त मिळवणार नाही.