फ्री डिशचा धंदा करायचाय? आधी योग्य बॉक्स निवडायला शिका



भंडारा जिल्ह्यात कमी भांडवलात काय सुरू करता येईल, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. फ्री डिश विकणं आणि बसवून देणं हे त्यातलं एक काम. दुकान नसलं तरी चालतं. मोटारसायकल, थोडी अवजारं आणि दहा-वीस सेट घेऊन गावोगाव फिरता येतं. पण या धंद्यात पैसा कुठे अडकतो माहीत आहे? चुकीच्या बॉक्समध्ये. डिश आणि वायर आज ना उद्या खपते, पण जुन्या पद्धतीचा बॉक्स घरात पडून राहिला की तो पैसा गेलाच समजा. म्हणून आज फक्त बॉक्सबद्दल बोलू.

आधी फ्री डिश म्हणजे काय ते नीट समजून घ्या

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज तिचे चॅनल ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. ग्राहकाला महिन्याचं रिचार्ज नाही. एकदा डिश, एलएनबी, वायर आणि बॉक्स घेतला की झालं.

याचा धंद्याच्या दृष्टीने अर्थ काय? ग्राहकाकडून तुम्हाला दर महिन्याला काही मिळणार नाही. कमाई एकदाच, विक्री आणि फिटिंगच्या वेळी. त्यानंतर तक्रार आली की खर्च तुमचा. म्हणजे जो बॉक्स तक्रार आणत नाही, तोच तुमचा नफा.

बॉक्स घेताना या सहा गोष्टी बघा

१. एमपेग-४ आहे का? हा पहिला प्रश्न. जुने बॉक्स एमपेग-२ पद्धतीचे असतात. त्यांच्यावर एमपेग-४ मध्ये येणारे चॅनल दिसतच नाहीत. एमपेग-४ चा बॉक्स मात्र दोन्ही प्रकारचे चॅनल दाखवतो. होलसेलवाला 'जुना माल आहे, अर्ध्या भावात घेऊन जा' म्हणाला, तर हात जोडा आणि पुढे चला. शेजाऱ्याच्या टीव्हीवर दिसणारा चॅनल आपल्याकडे दिसत नाही, हे ग्राहकाला दुसऱ्याच दिवशी कळतं.

२. मागच्या बाजूला कोणत्या पिना आहेत? गावात आजही लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांचे जुने टीव्ही आहेत आणि एलईडी टीव्हीही आहेत. एव्ही आणि एचडीएमआय दोन्ही असलेला बॉक्स घ्या. आज जुना टीव्ही असलेल्या ग्राहकाने दिवाळीला नवा घेतला, तरी तुमचा बॉक्स चालतो.

३. वीज कशी घेतो? व्होल्टेज कमी-जास्त होणं आपल्याकडे नवीन नाही. बॉक्सवर किंवा अडॅप्टरवर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते छापलेलं असतं. ती रेंज जितकी मोठी, तितकं बरं. शक्यतो बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर लागणारा बॉक्स निवडा. अडॅप्टर जळला तर फक्त तो बदलायचा, बॉक्स उघडायची गरज नाही. शिवाय शेतावरच्या घरात सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरही असा बॉक्स चालवता येतो.

४. बीआयएसची नोंदणी आहे का? सेट-टॉप बॉक्सला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बॉक्सवर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो नसेल, पक्कं बिल नसेल, तर वॉरंटीसाठी तुम्ही कोणाच्या दारात उभे राहणार?

५. सिग्नलचा पडदा स्पष्ट आहे का? मेनूमध्ये दोन पट्ट्या दिसतात, एक स्ट्रेंथची आणि एक क्वालिटीची. एलएनबी जोडला की स्ट्रेंथ वर जाऊ शकते, डिश भलतीकडे असली तरीही. खरी खूण क्वालिटीची. ती पट्टी मोठी, स्पष्ट आणि लगेच बदलणारी असेल, तर छपरावरचं तुमचं अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत होतं.

६. रिमोट सुटा मिळतो का? सगळ्यात आधी हरवतो तो रिमोट. ज्या बॉक्सचा रिमोट नागपूरच्या बाजारात सहज मिळत नाही, तो बॉक्स घेऊच नका.

स्वस्त बॉक्सचं गणित

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या बाजाराचे तुम्ही टाका.

समजा स्वस्त बॉक्स ६०० ला घेतला, ९०० ला विकला. नफा ३००. चांगला बॉक्स ७५० ला घेतला, १,००० ला विकला. नफा २५०. वीस-वीस विकले तर ६,००० आणि ५,०००. वरवर पाहता स्वस्तच बरा, नाही का?

आता पावसाळा येऊ द्या. स्वस्तपैकी चार परत आले. प्रत्येकी पेट्रोल, अर्धा दिवस आणि दुरुस्ती मिळून ५०० गेले, म्हणजे २,०००. उरले ४,०००. चांगल्यापैकी एकच परत आला, ५०० गेले. उरले ४,५००. आणि त्या चार घरांनी गावात काय सांगितलं, त्याचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. लाखांदूरच्या ग्राहकाची तक्रार तुमसरच्या माणसाला किती महाग पडते, तुम्हीच विचार करा.

बॉक्स चांगला, पण डिश चुकली तर?

दोष बॉक्सलाच लागतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा. भंडाऱ्याहून हा उपग्रह आग्नेयेपेक्षा थोडा दक्षिणेकडे, होकायंत्रावर साधारण १४६ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंच आहे. त्या बाजूला आंब्याचं, चिंचेचं झाड आडवं येतंय का ते आधी बघा. नेहमीच्या ऑफसेट डिशचा चेहरा आकाशाकडे तितका उचललेला दिसत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेने कोन ठरवू नका.

जोरदार पावसात काही वेळ चित्र अडकणारच, हे ग्राहकाला विक्रीच्या आधी सांगा. फार छोटी डिश लावली तर हा त्रास वाढतो. साधारण ६० सेंटिमीटरची डिश ठेवा. आणि विजा कडकडायला लागल्या की बॉक्सचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायला शिकवूनच निघा.

तीन गोष्टी कधीच करू नका

एक, 'अमुक चॅनल कायम दिसेल' असं वचन देऊ नका. खासगी चॅनलना फ्री डिशवरची जागा लिलावात घ्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल हे लोकप्रिय चॅनल एकदम बाहेर पडले होते. डीडी सह्याद्रीसारखे दूरदर्शनचे चॅनल दाखवा आणि बाकीचे बदलत राहतात हे स्पष्ट सांगा.

दोन, 'पैशांचे चॅनलही फुकट' म्हणून येणारे बॉक्स विकू नका. ती चोरी आहे, आणि अडकणार तुम्ही.

तीन, काही नव्या टीव्हींमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. तिथे गळ्यात बॉक्स मारू नका. डिश आणि फिटिंगचे पैसे घ्या. असा खरं बोलणारा माणूसच पुढच्या चार घरांत बोलावला जातो.

या आठवड्याचं काम

तीन वेगवेगळे बॉक्स एकेकच आणा. प्रत्येक बॉक्स आपल्याच घरी तीन दिवस सलग चालवा. मधेच मेन स्विच बंद-चालू करा, चॅनलची यादी टिकते का बघा. हात लावून किती तापतो बघा. मग त्यातला एक निवडा आणि त्याचेच दहा नग घ्या. रोवणीच्या दिवसांत लोकांच्या हातात पैसा कमी असतो, म्हणून तेव्हा माल भरू नका. धान विकल्यावर आणि मंडईच्या दिवसांत मागणी बघा, तेव्हा वाढवा.

ग्राहक बॉक्स एकदाच घेतो. तुमचं नाव मात्र तो जितके दिवस टीव्ही बघेल, तितके दिवस घेणार आहे. चांगलं घ्यावं की वाईट, ते तुमच्या निवडीवर आहे!