छंदाची मर्यादा

संगणकावरील खेळात पात्र धावते, भिंतीशी अडते, उडी मारताच आवाज उमटतो. ही कामे पडद्याआडून करणाऱ्या यंत्रणेला ‘गेम इंजिन’ म्हणतात. नोकरी सांभाळून ती घडविणाऱ्याचा खरा वैरी अपुरा वेळ नव्हे. काम कोठे संपते हे ठरलेले नसणे, हा होय. आज छायाप्रकाश सुधारावा, उद्या सारेच नव्याने लिहावे असे वाटत राहते आणि खेळ जन्मासच येत नाही.

जपानच्या दाइसुके आमाया यांनी विद्यार्थिदशेत आरंभिलेला ‘केव्ह स्टोरी’ हा खेळ नोकरी लागल्यावरही फावल्या वेळात एकट्याने रचला, चितारला, संगीतबद्ध केला. सुमारे ५ वर्षांनी, २००४ साली, तो लोकांना विनामूल्य मिळाला. त्यांचे साध्य खेळ होते. इंजिन हे केवळ साधन.

म्हणून छांदिष्टाने आधी एक लहानसा खेळ निश्चित करावा. त्याला जे लागेल तेवढेच इंजिनात घालावे. उरलेल्या कल्पना वहीत टिपून ठेवाव्यात. उठण्यापूर्वी उद्याचे पहिले काम लिहावे. हा तास घरच्यांच्या वाट्यातून घेतलेला असतो. त्याचे चीज पुऱ्या झालेल्या खेळानेच होते.